बस क्रमांक एकोणीस

रविवारी मी पाळक असतो,
सोमवार ते शुक्रवार ड्रायव्हर.
मंडळी बेचाळीस माणसांची. त्यातली अकरा
कानात यंत्र घालून बसतात. दानपेटीतून
छपराचे पत्रे निघतात, पगार निघत नाही.
तक्रार नाही. आपलं सांगून ठेवतो.

पहाटे पाचला इंजिन तापायला सोडतो
आणि डॅशबोर्डच्या उजेडात एक अध्याय वाचतो.
केंटकीच्या या दऱ्यांत जानेवारीत
उजाडायला आठ वाजतात.
तोवर शास्त्राची पानं हिरवट दिसतात,
जणू पाण्याखाली धरून वाचतोय.

या आठवड्यात वंशावळी आल्या.
अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा.
तीस वर्षं ही पानं मी उपासनेत गाळली.
म्हाताऱ्या हर्शेलनं एकदा दारात हात मिळवताना विचारलं,
"देवाला लिहवून घ्यायचा कंटाळा नाही आला,
तुम्हाला वाचायचा येतो?"
मी हसलो.
तो हसला नव्हता.

बंद खाणीच्या वळणावर स्पर्लॉकच्या जुळ्या चढतात,
ओल्या केसांच्या, एकाच मफलरमध्ये दोघी.
पुलाशी डेन्व्हर, ज्याच्या डब्यात फक्त बिस्किटं.
मग टेकडीखाली, टपालपेटीपाशी, कोल्बी.

कोल्बी आता नसतो.

त्याच्या आईला मी ऑगस्टमध्ये बाप्तिस्मा दिला.
हौदाचा हीटर बिघडलेला, ती वर आली तेव्हा दात वाजत होते.
म्हणाली, "आता काय वेगळं होणार?"
मी म्हणालो, सगळं.
असं बोलायला मला फार सोपं जातं.
ऑक्टोबरात तिनं फोन केला होता, घरातला गॅस संपलाय.
मी म्हणालो, उद्या येतो.
उद्या गालिच्याच्या रंगावर बैठक होती. मरून की निळा.
साडेदहापर्यंत भांडलो, शेवटी प्रार्थना करून उठलो.
परवा गेलो तर
चाकांवरचं घर ओढून नेलेलं.
चिखलात दोन चर, आणि पायरीचा एक दगड.

शाळेनं सांगितलंय, यादीतून नाव काढा.
पेन्सिलीनं लिहिलंय, रबरही आहे.
तरी मी रोज त्या टपालपेटीशी बस उभी करतो,
दार उघडतो. बाजूची लाल पाटी बाहेर येते
आणि कायद्यानं मागचा रस्ता थांबतो:
लाकडाचा ट्रक, नर्सबाईंची गाडी, पोलीस,
सगळे थांबतात
न आलेल्या एका पोरासाठी.
थंडी आत येते. मुलं काही विचारत नाहीत.

हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत मला पाठ आहे,
चार तऱ्हांनी सांगितलाय.
पण त्यातला मेंढपाळ निदान निघतो तरी.
मी चाळीस सेकंद मोजतो
आणि गिअर टाकतो.

याला विश्वास म्हणावं का, ठाऊक नाही.
पूर्वी ठाऊक असायचं, त्यावर तीन मुद्देही असायचे.
आता एवढंच वाटतं की ज्यानं कुणी
रात्र रात्र बसून ती नावं उतरवली,
एकेका बापाचं, एकेका पोराचं,
ज्यांनी काही केलं नाही, फक्त होऊन गेले,
त्याच्याही हातात रबर असेल.

या रविवारी वंशावळ अख्खी वाचली, सावकाश.
कुणी आमेन म्हणालं नाही. मोझेल बाई घोरत होत्या.
निळ्या गालिच्यावर ऊन पडलं होतं.
फक्त पहिल्या बाकावर हर्शेल,
ओळींवरून बोट फिरवत.

दारात त्यानं हात धरून ठेवला.
"एक नाव जास्त झालं," म्हणाला.
मला कळेना. कुठलं?
त्यानं कानातलं यंत्र काढलं,
खिशात टाकलं,
टोपी चढवली.
"राहू द्या," म्हणाला,
आणि बर्फ चुकवत गाडीकडे गेला.