खालचा पुठ्ठा

निवतीच्या उतारावर तिसऱ्यांदा वाफ आली
तेव्हा मागे बर्फातले बांगडे होते, अकरा क्रेट,
आणि मी बॉनेट उघडून, टॉवेलने झाकण धरून
शिवी कुणाला द्यायची ते ठरवत होतो.

सहा महिने पिकअप हळदीवर चालली.
आबांचा उपाय: "दोन चमचे घाल, भोक बुजतला."
बुजायचंही.
मग खारी हवा दुसरीकडून कुरतडायला लागायची.
रोज पहाटे चारला तांब्या भरून
मी गाडीला पाणी पाजायचो,
म्हशीला पाजावं तसं, न बोलता.

रविवारी गाडी फणसाखाली घेतली.
खाली भावाच्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा.
कुडाळहून आणलेला नवा ओसरीवर,
ॲल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाक्यांचा,
नलूने एका हाताने उचलून पाहिला:
"ह्यात आसा तरी काय?"

खालची नळी सोडली.
सहा महिन्यांची हळद पुठ्ठ्यावर पसरली.
कोंबडी आली, चोच लावली, परत गेली.

चार बोल्ट. तीन सुटले.
चौथा कधीच समुद्राचा झाला होता.
डिझेल पाजलं, ठोकला, तापवला.
नलूच्या हाताला रग लागली की
बॅटरीचा उजेड माझ्या बोटांवरून चाकावर घसरायचा.
"धर गो नीट."
"धरलंय. तूच हलतंस."
आबा खुर्चीत. उजवा हात आता चमचाही धरत नाही,
पण पाना घसरल्याचा आवाज ऐकून म्हणाले,
"बारा नको. तेरा घे."
तेराचा बसला. बोल्ट तुटला, पण तेराने तुटला.
त्या जागी सध्या तार आहे.

जुना बाहेर काढला. दोघांनी.
पितळी टाकी, तांब्याच्या नळ्या,
आणि त्यांवर डागाचे ठिपके, शिशाचे, फुगीर.
आबांनी मांडीवर मागितला.
डाव्या अंगठ्याने एकेक चाचपत गेले:
"हो देवगडच्या वाटेर.
हो तुझ्या आवशीक ओरोसाक नेलंय तेव्हा, रात्रीचो.
हो…"
अंगठा थांबला.
"हो माझो नाय. हो कोणी केल्यान?"

मी. गेल्या शिमग्यात,
नंदूची कावीळ झालेली सोल्डर मशीन उसनी आणून,
ते झोपलेले असताना, अर्धा डाग नळीवर, अर्धा अंगठ्यावर.
सांगितलं.
त्यांनी पुन्हा एकदा तिथेच बोट फिरवलं, उलट्या बाजूने.
"वायट नाय."

मी म्हटलं, हा ठेवूया. माळ्यावर राहील.
"कित्याक?" आबा म्हणाले. "तांब्याक भाव आसा. विक."
आणि लुंगीला हात पुसले.

सोमवारी पहाटे चारला
सवयीने तांब्या भरून गाडीपाशी गेलो.
झाकण उघडलं. काठोकाठ.
वाकून पाहिलं: पुठ्ठ्यावर कालचा पिवळा डाग,
कडेने वाळून करडा. नवीन थेंब नाही.
बंदरावर कुणीतरी इंजिन चालू केलं, बंद केलं,
पुन्हा चालू केलं.
भरलेल्या तांब्याचं काय करायचं ते कळेना.

थोडं मीच प्यालो.
उरलेलं नलूच्या अबोलीला.

पुठ्ठा काढलेला नाही.
नलू म्हणते, काढ, वाळवी लागेल.
राहू दे म्हटलं, आठवडाभर.