जुन्या बोटीसाठी एक ओळ

तोर्सहाव्नच्या धक्क्यावर कचेरीच्या काचेला मीठ चढलंय.
सकाळपासून मी एकच ओळ लिहितेय,
प्रवाशाचं नाव हे नाव आहे की नाही, एवढंच ठरवणारी.

नव्या बोटींसाठी ती पाच मिनिटांत झाली.
तिथं म्हणता येतं: कुठल्याही लिपीतलं अक्षर.
म्हणता येतं: मागे वळून बघ, आधी काय होतं.
कंसांना नावं ठेवता येतात, पोरांना ठेवावीत तशी.

पण दक्षिणेच्या बेटाकडे जाणारी ती जुनी बोट,
तिच्या दारातलं पिवळं तिकीटयंत्र,
त्याची भाषा बारा वर्षांपूर्वी थांबली ती थांबलीच.
पुढचं त्याला दिसतं, मागचं नाही.
कंस ते बोटांवर मोजतं. पहिला, दुसरा, तिसरा.
आणि ð? ते त्याच्या लेखी अक्षरच नव्हे.

परवा म्हातारा ऐयुन त्यामुळेच शिडीशी अडला.
(लिहिताना त्याच्या नावात मधोमध एक ð असतो.)
यंत्रानं नाव तिथंच चिरलं,
'ऐ'ला आत घेतलं, 'युन'ला धक्क्यावर ठेवलं.
तिकिटं बघणारा हॉग्नी म्हणाला,
"बोलताना तरी कुठं उच्चारतो आपण ते?"
ऐयुन म्हणाला, "लिहितो ना."

कोपनहेगनहून विलाड्स म्हणतो, फेकून द्या ते यंत्र.
जुनं ते सोनं, असं मीही म्हणत नाही.
पण ओल्या हातमोज्याचं बोट ओळखणारं
ते एकच यंत्र आहे आमच्याकडे.

तर अक्षरं एकेक हातानं मांडतेय,
á í ó ú ý æ ø ð,
आणि मोठा Ðसुद्धा. त्यानं कुठलंच नाव सुरू होत नाही,
पण हॉग्नी सगळं मोठ्या अक्षरांत टाइप करतो.
मागे बघता येत नाही, तर मागचंही जाळ्यात घेते
आणि नंतर सोडून देते, लहान मासा सोडावा तसं.
कंसांची नावं पुसली. चौथा कंस म्हणजे गाव,
हे आता माझ्या डोक्यात, आणि एका टिपेत:
'लांब आहे, माहीत आहे. आखडू नका.'

संध्याकाळी बोटीवर गेले. हॉग्नीनं बाहीनं पडदा पुसला.
ऐयुनचं नाव टाकलं.
यंत्र थांबलं, खोकल्यासारखं काहीतरी केलं,
हिरवा दिवा.

"झालं?" हॉग्नीनं विचारलं.
"तुझं आडनाव टाक," मी म्हटलं. "त्यात एक जोडरेघ आहे."