कुठेतरी मुरतंय

रुस्तावीच्या गाडीबाजारामागे, सतरा नंबर, माझं गॅरेज.
जानेवारीत म्झिया आली, डायलिसिस वॉर्डातली नर्स,
अमेरिकेत ठोकलेली आणि इथे पुन्हा उभी केलेली
करडी फॉरेस्टर घेऊन.
"कूलंट जातंय, जुंबेर. जमिनीवर थेंब नाही."
आणि बॉनेटवर वही ठेवली.

वहीत दोन रकाने. आत. बाहेर.
आत : तारखा, किलोमीटर, मिलिलिटर, सुबक अक्षरात.
बाहेर : कोरं. पानामागून पान कोरं.
"पेशंटचं असंच लिहितो आम्ही," ती म्हणाली,
"जेवढं गेलं तेवढं कुठूनतरी यायला हवं.
नाही आलं, तर कुठेतरी मुरतंय."

माझ्याआधी दोघांनी सांगितलं होतं : हेड गॅस्केट.
इंजिन उघडा, बाराशे लारी.
बिचारं हेड गॅस्केट. गल्लीत काही हरवलं
की पोलीस आधी ज्याच्या दारात जातात,
तसं त्याचं आहे.

मी ऑइलचं झाकण काढलं. साय नव्हती.
धूर तळहातावर घेऊन हुंगला. गोड नव्हता.
पायाखालची चटई उचलून खाली हात फिरवला,
आजारी पोराचं अंथरूण चाचपावं तसा. कोरडं.
टाकीच्या तोंडाशी निळं औषध धरलं,
इंजिनचा श्वास पाण्यात मिसळत असता तर पिवळं पडलं असतं.
निळं ते निळंच.
चार प्लग काढून फडक्यावर मांडले.
त्यात एखादा फारच स्वच्छ निघाला, तर तोच गुन्हेगार,
वाफेनं धुतलेला.
चौघेही सारखेच तपकिरी. सज्जन.

पंपानं दाब भरला. इंजिन गरम होतं.
तासभर काटा हलला नाही.
"आज ठेवून जा," मी म्हटलं.
"गरम असताना ही कबूल करायची नाही."

रात्री उणे नऊ.
शेगडी मुद्दाम विझवली. फळांच्या खोक्यावर बसलो,
एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पाण्याची बरणी.
इंजिन पुरतं गार झाल्यावर पुन्हा दाब भरला.
एकला काटा जरा कलला.
तीनला मी गाडीखाली होतो, पाठ बधिर,
आणि दिसलं :
मागच्या पाइपच्या गळ्याशी, क्लॅम्पखाली,
एक थेंब, जो पडायचा की नाही
ते ठरवत होता.

पडला. पत्र्याच्या आडोशावर, एवढासाच.
तिथे आधीचे सगळे होते, वाळलेले,
दुधाच्या पातेल्याला धरते तशी हिरवट खरवड.
थंडीत रबर आखडतं, फट उघडते.
गाडी तापली की रबर फुगतं, फट मिटते,
पत्राही तापतो, आणि पुरावा उडून जातो.
म्हणजे कुठे मुरत नव्हतंच काही.
आपण उठायच्या आत ते निघून जात होतं.

सकाळी ती ड्युटीवरून परस्पर आली.
"वीतभर पाइप आणि क्लॅम्प. चाळीस लारी."
ती हसली नाही. तिची नजर बरणीवर होती,
काकडीच्या लोणच्याची, तीन लिटरची, रिकामी.
"हे सगळं तू प्यायलास? या थंडीत?"
"घसा सुकतो."
"किती वेळा उठलास?"
"मोजलं नाही."
मग माझा पट्टा बघितला तिनं,
खिळा ठोकून पाडलेली दोन नवी भोकं.
"हे कधीपासून?"
मी आठवलं. "द्राक्षं काढली तेव्हापासून असेल."

तिनं वहीचं शेवटचं पान फाडलं,
वर माझं नाव लिहिलं, खाली उभी रेघ मारली.
"तीन दिवस लिही. सोमवारी उपाशीपोटी ये वॉर्डात.
आणि खोटं लिहू नकोस, मला कळतं."

गाडी गेली. जिथे उभी होती तिथे
सवयीनं वाकून पाहिलं. कोरडं होतं.
पान पंपाच्या खुंटीला अडकवलं.
नऊ वाजता पहिली ओळ लिहिली :
आत, दोन पेले.

तहान होती तशीच होती.