एका कार्बनवर दोघी

पार्दुबित्सेत मी सोमवारी रुजू झाले,
व्लास्ता शुक्रवारी निवृत्त होणार होत्या.
मधले पाच दिवस
एकच धूरकपाट, एकच स्टूल,
एकच खुंटी : तिच्यावर त्यांचा कोट, त्याच्यावर माझा.
खिडकीबाहेर लाबे नदी, म्हणजे नोव्हेंबरातलं नुसतं धुकं.

"झोफिये, हातमोजे दोन. एकावर एक.
हे द्रव्य एकदा शिवलं की कातडी विसरत नाही."
एकतीस वर्षांचा खरखरीत पट्टा
त्यांनी दाखवला नाही.
बाही सरकली, मला दिसला.

बाटलीत गोठलेलं डायनायट्रोफ्लोरोबेंझीन
कोमट पाण्यात धरलं की सुटतं, फिकट पिवळं.
"पाठीमागून धक्का देऊन कुणाला हलवता येत नाही इथे,
पाठीमागे कडंच आहे ना.
येणारा वरून उतरतो,
जाणारा अजून जागेवर असताना."

मग भार?
"एक नायट्रो शेजारी, एक समोर. ते उचलतात तेवढा वेळ.
मधल्या घरी बसवलास तर
तोच नायट्रो नुसता बघत राहतो."

मला वाटायचं
घट्ट धरून बसलेला शेवटी उठत असेल.
फ्लोरिनइतकं घट्ट कुणीच धरत नाही,
आणि सगळ्यांत आधी तोच जातो.
सैल हाताचं आयोडीन ताटकळतं.
"अगं, तो कार्बनला इतका उपाशी ठेवतो
की येणाऱ्याला दार उघडंच मिळतं.
कठीण असतं ते येणं.
जाणं काय, होऊन जातं."

मॉर्फोलिन थेंब थेंब. फ्लास्क तळव्याला ऊन लागला.
संध्याकाळी गाळणीवर पिवळे स्फटिक,
वजनाचा आकडा त्यांच्या अक्षरात,
वितळणबिंदू माझ्या.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत
त्यांनी कपाटातून चिमूटभर ट्रायनायट्रोअनिसोल काढलं,
वर मेथॉक्साइडचा एक थेंब.
लाल.
म्हणजे असं लाल, की मी मागे सरले.
"जुना मेथॉक्सी, नवाही मेथॉक्सी.
निघायचं कुणी?
म्हणून राहतात दोघं, एकाच कार्बनवर."
आणि कडं?
"कड्याचं कडंपण तेवढ्यापुरतं मोडलेलं.
त्याचाच तर हा रंग."
नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.
आम्ही दोघी काहीच धूत नव्हतो.

शुक्रवारी कुणीतरी आल्याचा केक आणला,
भाषण कुणी केलं नाही.
निघताना त्यांना आधी माझा कोट उतरवावा लागला,
तो काखेत धरून स्वतःचा काढला,
घातला, बटणं लावली सगळी,
मग माझा परत खुंटीवर.
सेमतीनची बस चुकेल म्हणाल्या.

स्टूल त्यांच्याच उंचीवर होतं.
पाय टेकत नव्हते माझे.
मंगळवारपर्यंत तसंच ठेवलं.