चारित्र्य पडताळणी

जिंतूरच्या स्टँडमागं माझं झेरॉक्सचं दुकान.
भरतीची यादी लागली की पोरं येतात,
खालच्या आवाजात म्हणतात,
काका, जुनं तेवढं काढून द्या.

तलवारीनं कापलेला केक.
दुसऱ्याच्या बुलेटवर बसून ‘आपला नाद नाय’.
कुण्या नेत्याला हासडलेली शिवी, तिला चारशे लाईक,
त्यातला एक जण आता फोन उचलत नाही.
मी अंगठा फिरवतो. वीस रुपये.

काल वैजनाथ घुगे आला.
साठ-सत्तर पोस्टी गेल्या, त्यानं मान वर केली नाही.
मग एका फोटोवर
माझं मनगटच धरलं.

काहीच नव्हतं त्यात.
परभणीच्या खोलीतली दोरी, तिच्यावर दोन बनियन,
अन् खाली नदीमची ओळ:
‘डबा झाकून ठेवलाय, ये लवकर.’

नदीम कुठं असतो रे हल्ली?
पोरगं माझ्या दरपत्रकाकडं बघत राहिलं,
रंगीत प्रिंट दहा, लॅमिनेशन तीस.

हे काढायचं नाही काका.
पण साहेबाला दिसायला पण नको.

दोन ठिकाणी दाबलं.
पडद्यावर उमटलं: फक्त मी.
म्हणजे तो.
वाचलं तर मीसुद्धा होतं.

दुपारी डबा उघडला
तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.