साडेतीन हात

तांदुळजा निवडत होते, तेवढ्यात रमणभाईचा फोन.
"बेन, वरचंही गेलं. कुत्र्यांनी उकरलं."
ताट तसंच टाकून निघाले,
नखांत भाजीची हिरवी माती.

मार्चपासून आम्ही दोघं
काळ्या घोड्याच्या पुलापासून कामाटीबागेच्या मागपर्यंत
विश्वामित्रीच्या काठाने
मगरींची घरटी मोजतोय.
टेप पहिल्याच आठवड्यात चिखलाने गिळला.
तेव्हापासून माप म्हणजे रमणभाईचा हात,
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.
ते बोट अर्धंच आहे.
वहीत तशी नोंद केली आहे.

पाण्यापासून दीड हातावर सात घरटी होती.
गेल्या आठवड्यात रातोरात नदी चढली.
अंडी वाहून जात नाहीत,
जागच्या जागी गुदमरतात.
आठ हातांवर, रस्त्याच्या कडेला, पाच.
तिथे घोरपड, मुंगूस, आणि आज ही कुत्री;
टरफलं पडलीत फुटक्या बशांसारखी.
उरली ती मधली.
साडेतीन हात, अधिक-उणं एक बोट.

वर्गात मी फळ्यावर एक टेकडी काढते
आणि तिचे दोन्ही उतार डस्टरने पुसते.
दुसरी टेकडी आख्खीच एका अंगाला सरकते:
उन्हात बिनधास्त जबडा वासून पडणाऱ्या मगरी
जाळ्यात सापडतात, टेम्पोतून दूर जातात;
स्कूटरचा आवाज येताच बुडी मारणाऱ्या
इथेच अंडी घालतात.
तिसरी टेकडी मधोमध खचते.
थोराड नर काठ राखतो, चिमुकला नजर चुकवून शिरतो,
मधला शेपटी चावून घेऊन परततो.
याचा पुरावा माझ्याकडे एवढाच:
एक मधला नर, एक शेपटी.

"मॅडम, पण निवडतं कोण?"
तेजल शिर्के, मागचा बाक.
शब्दाचाच दोष, पोरी.
निवड म्हटली की ताट आलं, ताटापुढे बाई आली,
जून काडी बाजूला टाकणारी बोटं आली.
इथे पुराला डोळे नाहीत, कुत्र्यांना नुसती भूक आहे,
आणि त्या मादीला साडेतीन कुठे ठाऊक?
तिचे पाय तिथवर चढले, माती मऊ लागली,
कदाचित तीही तिथेच जन्मली.
निवडलं कुणी नाही.
फक्त उरलं.

हे सगळं वर्गात बोलले नाही. तास संपला होता.

आता संध्याकाळ. उरलेल्या एका घरट्यापाशी
रमणभाई पालथा पडून जमिनीला कान लावतो.
(बोट मगरीने नेलं असं सगळ्यांना वाटतं.
गिरणीच्या पट्ट्यात गेलं होतं, अठराव्या वर्षी.)
मातीखालून बारीक हाक येते, कण्हल्यासारखी.
माझ्याकडे न बघता
तो मोजायला हात वर करतो:
एक,
आणि त्याच्या शेजारी
ते अर्धं.