दीड हात

मार्च सरता सरता हिबिंगमध्ये बर्फ ओला होतो,
म्हणजे जड होतो.
त्या वजनाखाली लेम्पी सारेलाबाईंचं गॅरेज
पहाटे कधीतरी बसलं.
बसलं, हा त्यांचाच शब्द.
कोसळलं म्हणायला त्या तयार नव्हत्या.
म्हातारी गाय बसते तसं, म्हणाल्या,
आधी पुढचे गुडघे.

मी विमा कंपनीचा माणूस. टेप, कॅमेरा, छापील तक्ता.
घरापासून गॅरेजपर्यंत एकवीस फूट चार इंच.
मधे कपडे वाळत घालायची तार:
एक टोक स्वयंपाकघराच्या खिडकीशी,
दुसरं गॅरेजच्या कललेल्या खांबाला.

पॉलिसीतलं एक कलम मला पाढ्यासारखं पाठ आहे.
मधे मोकळी जागा असेल तर बांधकाम वेगळं.
कुंपणाने, तारेने किंवा तशाच कशाने जोडलेलं असलं
तरी वेगळंच.
वेगळ्याला घराच्या रकमेचा दहावा हिस्सा.

वाचून दाखवलं.
बाई तारेकडे बघत राहिल्या.
तारेवर एकच चिमटा, लाकडी, काळा पडलेला.
"एइनो तिकडे होडी करत बसायचा.
जेवण झालं की मी इथून तार ओढायची,
तिकडे डबा वाजायचा.
डबा वाजला की यायचा.
एकोणचाळीस वर्षं.
आणि तुमचा कागद म्हणतो, जोडलेलं नाही."

कागद तसंच म्हणतो.

मग मोजणीवाली आली, नकाशा काखेत,
लायलॅकच्या मुळाशी बर्फ उकरत बसली.
तासाभराने टण्ण झालं.
लोखंडी खुंटी. गंजलेली, पण जागेवर.
तिथून तिने गुलाबी दोरी ताणली
आणि दोरी सरळ गॅरेजच्या पोटातून गेली.
पूर्वेची भिंत सत्तावीस इंच
बाक्केंच्या जमिनीत.

सत्तावीस इंच म्हणजे दीड हात.
एवढ्यासाठी माणसं कोर्टाची पायरी झिजवतात,
बांध कोरतात, डोकी फोडतात.
मी पेनचं टोपण काढलं.

स्वेरे बाक्के बुटांच्या नाड्या न बांधताच आला.
दोन घरांत बोलणं नव्हतं,
बर्फ फेकायच्या यंत्रावरून कधीतरी बिनसलेलं.
आताही तो बाईंशी नाही, माझ्याशीच बोलला.
"तो कोबा माझ्या बापाने ओतलाय.
एइनोने पाया खणला तर खाली खडक लागला.
बाप म्हणाला, मग इकडे सरक दीड हात.
सरकला."
कागद केला होता का?
"कशाला? खडक दिसत होता की."

तक्त्यात प्रश्न आहे:
बांधकाम विमाधारकाच्या हद्दीत आहे का?
दोन चौकोन. हो, नाही.
अर्धी होडी तिसऱ्याच पानावर जाते, सामानात,
आणि होडीला पुन्हा निराळी मर्यादा.

टेप गुंडाळताना माझं कोपर तारेला लागलं.
पडलेल्या छपराखाली, बर्फाच्याही खाली,
डबा वाजला.
मोजणीवालीने मान वर केली. स्वेरेने टोपी काढली,
पुन्हा घातली.
बाई काही न बोलता आत गेल्या
आणि खिडकीतून कॉफीचा वास आला.

दोन्ही चौकोन मी कोरे ठेवले.
शेऱ्याच्या जागी लिहिलं:
खाली खडक लागला म्हणून.

तीन दिवसांनी ऑफिसातून विचारणा आली,
खडक नेमका कुणाच्या हद्दीत आहे,
फोटोसह कळवावे.